हंड्याची कल्हई

प्राणिशास्त्र शिकवणारा माणूस म्हणजे ढोरांचा डॉक्टर, असा लोकांचा पक्का समज असतो. नाशिक रोडला राहायला आलो आणि पहिल्या महिन्यातच मला ते कळलं. कुणाचा पोपट पिसं उपटतोय, कुणाची म्हैस आटली, कुणाच्या मांजरीला दिसेनासं झालं, की चला सरांकडे. मी कॉलेजात साधा डेमॉन्स्ट्रेटर. पोरांना बेडूक कापून दाखवायचा आणि फॉर्मॅलिनच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या बदलायच्या, एवढंच माझं शास्त्र. पण हे सांगणार कुणाला? सांगून सांगून तोंड दुखलं, मग सोडून दिलं.

त्र्याऐंशी सालच्या एप्रिलात एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे रंगनाथ तांबट माझ्या दारात येऊन उभे राहिले. स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. पन्नाशीला टेकलेला, खांदे पडलेला माणूस. कायम आत्ताच ड्यूटीवरून आल्यासारखा दिसायचा.

"सर, जरा खाली येता का? आमचा दगड आजारी पडलाय."

दिवसभर तीन प्रॅक्टिकल घेऊन माझे पाय भरून आले होते. "अहो रंगनाथराव, दगड कसा आजारी पडेल?" मी वैतागून म्हणालो.

"या तर खरं. पोहे टाकलेत."

पोह्यांसाठी गेलो, खोटं कशाला बोलू?

खोलीत भिंतीला लागून खाट. खाटेशेजारी तिवईवर पिण्याच्या पाण्याचा हंडा. खाटेपासून चार पावलांवर लोखंडी पट्ट्यांत बसवलेली तीन फुटी काचेची टाकी, वर ट्यूबलाइट, आणि हवेच्या पंपाची घरघर. वाकून पाहिलं आणि पोहे विसरलो. टाकीत समुद्र होता. अक्षरशः समुद्राचं पाणी! रंगनाथरावांचा मेहुणा नाथा मुंबईच्या गोदीत कामाला होता. तो महिन्या-दोन महिन्यांनी खारं पाणी कॅनमध्ये भरून गाडीत चढवायचा आणि हे इथे पार्सल उतरवून घ्यायचे. आत दोन चट्टेपट्टेरी मासे, काही गोगलगायी, एक खेकडा, आणि मधोमध नाथानेच आणलेला तो दगड. दगडावर शर्टाच्या बटणाएवढे, झालर लावल्यासारखे गोल गोल जीव चिकटलेले होते.

मी आयुष्यभर प्रवाळ शिकवलं ते बरणीतलं, पांढरं, मेलेलं. हे त्याच कुळातलं होतं आणि जिवंत होतं. पण बरं नव्हतं, हे मलाही दिसलं. बरीच बटणं मिटलेली, काहींवर बुळबुळीत पापुद्रा, आणि अर्धा दगड नागडा पडलेला.

"एकोणतीस," खाटेवरून आवाज आला. "साठ होती. आता एकोणतीस उरली. त्यातली अकरा उघडत नाहीत."

त्या विठाबाई, रंगनाथरावांच्या पत्नी. वर्षभरापूर्वी अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती. बोलणं जरा जड झालं होतं, पण मोजण्यात चूक नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हातपाय हलायचे तेव्हा हलतील, आधी मन लागू द्या, रोजचं एक तरी काम यांच्यावर सोपवा. मग टाकीत पाणी घालायचं काम त्यांच्याकडे आलं. टाकीतलं पाणी वाफेनं उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज गोडं पाणी घालून पातळी काचेवरच्या शाईच्या रेघेपर्यंत आणायची. विठाबाई सकाळी उठायच्या, डाव्या हातात ओगराळं घ्यायच्या, हंड्यात बुडवायच्या, भिंतीला खांदा टेकवत टाकीपर्यंत जायच्या, ओतायच्या आणि परत फिरायच्या. अशा दहा-पंधरा खेपा. त्या खेपांनीच त्यांना पुन्हा चालायला शिकवलं होतं.

"सर, काहीही करा," त्या म्हणाल्या, "पण माझ्या हातून ही मरायला नकोत. आधीच माझ्या हाताला काही जगत नाही म्हणतात."

हे त्यांनी हसत सांगितलं. रंगनाथराव हसले नाहीत. उठून उगाच पंपाची नळी नीट करत बसले.

आता आली का पंचाईत! प्रवाळाचा रोग ओळखायचं पुस्तक अख्ख्या नाशिक जिल्ह्यात नसेल. पण 'मला कळत नाही' म्हणायची मास्तर माणसाला सवय नसते. मी म्हणालो, "उजेड कमी पडतोय." झालं. चार माणसं लावून टाकी खिडकीशी नेली. चार दिवसांत पाणी अंघोळीसारखं कोमट झालं आणि आणखी पाच गेली. टाकी परत जागेवर. रंगनाथरावांनी कंबर धरली, पण मला एका शब्दानं बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मग मी प्रयोगशाळेतून हायड्रोमीटर पँटच्या खिशात घालून आणला. पाण्यात सोडला तर मीठ जास्त! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सापडलं!

"वहिनी, पाणी कुठलं घालता?"

"नळाचंच. पण रात्रभर ठेवलेलं. त्या ब्लीचिंगच्या वासाचं पाणी या लेकरांना कसं घालू?"

"शाब्बास! ब्लीचिंग उडून जातं त्यानं. अगदी बरोबर करताय. फक्त रोज पाच-सहा ओगराळी जास्त घाला. मीठ उतरेल."

विठाबाईंचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! कॉलेजातल्या सरांनी शाब्बास म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून त्या वीस-वीस खेपा घालायला लागल्या. घामानं निथळायच्या, पण थांबायच्या नाहीत.

आणि प्रवाळ आणखी वेगानं मरायला लागलं.

मे संपता संपता खेकडा मेला. गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत उताण्या पडल्या. मासे मात्र मस्त, खाऊन-पिऊन टुणटुणीत. मला त्या माशांचा राग यायला लागला. रोज संध्याकाळी खाली जायचं, टाकीपुढे उकिडवं बसायचं, विठाबाई आकडा सांगणार. एकवीस. एकोणीस. सोळा. मग हंड्यातलं गार पाणी प्यायचं आणि वर येऊन छताकडे बघत पडायचं. बायको म्हणायची, "तुमची परीक्षा चाललीय की काय?" तशीच चालली होती आणि मी नापास होत होतो.

जूनच्या एका रविवारी ओझरकडे माझ्या फकिरामामाकडे गेलो. मामाची द्राक्षबाग होती. मामा विहिरीच्या काठावर बसून प्लॅस्टिकच्या पिंपात निळं मोरचूद कालवत होता.

"मामा, विहीर स्वच्छ दिसतेय."

"तर! शेवाळ लय झालं व्हतं. चिमूटभर मोरचूद फडक्यात बांधून सोडलं. शेवाळ गेलं, गोगलगायी बी गेल्या झाडून. बघ ना, एक नाय ऱ्हायली."

"आणि मासे?"

"मासे हायेत की. लय टाकलं तर मासे बी मरत्यात. म्या लय नाय टाकलं."

गोगलगायी गेल्या, मासे राहिले. मोरचूद म्हणजे दुसरं काय, तांब्याचाच क्षार. माशांना चालेल इतकं तांबं पाण्यात उतरलं, तरी बिनहाडाच्या जिवांना ते विष होतं. आणि टाकीत तांबं कुठून येणार? खाटेशेजारच्या तिवईवर लखलखीत हंडा होता. तांब्याचा. रात्रभर पाणी ठेवलेला. नाशकातल्या कुठल्या घरात तो नसतो? तांब्याचं पाणी चांगलं, हे आपण आईच्या दुधाबरोबर शिकतो. मी दोन महिने त्यातलंच पाणी पीत होतो. डोळ्यांसमोरचा हंडा मला दिसला नाही, आणि वर मीच त्या बाईला जास्त ओत म्हणून सांगितलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

जेवायला न थांबता एसटी पकडली. घरी न जाता थेट स्टेशनवर गेलो. रंगनाथराव कांद्याच्या पोत्यांच्या आडोशाला बसून पार्सलांवर शिक्के मारत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी शिक्का खाली ठेवला.

"घरी बोललात का?" त्यांनी विचारलं.

"नाही. आधी इकडेच आलो."

"देवासारखे आलात. घरी बोलायचं नाही, सर. अजिबात नाही."

"अहो, त्यात काय? प्लॅस्टिकची बादली ठेवा तिथे, संपलं."

"ती विचारेल ना, हंडा का हलवला? मग काय सांगू? की तू तुझ्या हातानं ती मारलीस?" त्यांचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "सर, आम्हाला एक मुलगी झाली होती. सहा दिवसांची होऊन गेली. माझी आई तेव्हापासून बोलायची, हिच्या हाताला काही जगत नाही. तुळस वाळली तरी हिचा हात, दूध नासलं तरी हिचा हात. आई गेली, पण ते बोलणं विठाच्या मनात घर करून राहिलं. त्यानंतर तिनं कुंडीतसुद्धा काही लावलं नाही. झटका आल्यावर पहिल्यांदा त्या दगडाला हात लावायला तयार झाली, तीही मी हातापाया पडलो म्हणून. आता हे तिला कळलं, तर ती खाटेवरून उठायची नाही."

मी शेजारच्या पोत्यावर टेकलो.

"आणि तो हंडा तिच्या वडिलांनी ठोकलेला," ते म्हणाले. "तांबट आळीत सासऱ्यांसारखा हात नव्हता कुणाचा. स्टीलची भांडी आली आणि आमची दुकानं बसली, म्हणून मी रेल्वेत आलो. घरातलं सगळं तांबं-पितळ मोडीत गेलं. तेवढा एक हंडा तिनं ठेवला."

त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. बोटांवर शिक्क्याची जांभळी शाई होती.

"कल्हई करतो," ते म्हणाले. "आतून कथलाचा थर दिला की तांबं पाण्याला लागायचं नाही. बरोबर ना, सर?"

मी हो म्हणालो. इतकं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. जुन्या आळीतून भाता, कथील, नवसागर मागून आणला आणि बिल्डिंगच्या मागच्या अंगणात भट्टी पेटवली. वीस वर्षांनी भाता हातात धरला होता. हंडा तापवला, नवसागर टाकला, पांढऱ्या धुराचा लोट उठला, खोकून खोकून बेजार झाले. मग कथील लावून कापसाच्या बोळ्यानं आतून फिरवलं, आणि हंडा आतून चांदीसारखा पांढरा झाला. दोन बोटं पोळली. मी शेजारी पाण्याची बादली घेऊन उभा होतो. विठाबाई खिडकीचा गज धरून बघत होत्या.

"पाण्याच्या हंड्याला कल्हई?" त्यांनी विचारलं.

रंगनाथरावांनी वर न बघता उत्तर दिलं, "डॉक्टर म्हणाले, तुझ्या गोळ्यांना तांब्याचं पाणी चालत नाही."

विठाबाई जरा थांबल्या. "बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

आमचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या आठवड्यात नाथाने ताज्या पाण्याचे अकरा कॅन पाठवले. जुनं पाणी फेकलं, वाळू बदलली, दगड नव्या खाऱ्या पाण्यात हलकेच खळबळून घेतला. त्यावर नऊ बटणं उरली होती. जून गेला, जुलै गेला. नऊची आठ झाली नाहीत, पण दहाही होईनात. तरी विठाबाईंच्या खेपा चालूच. दिवाळीच्या आदल्या दिवशी सकाळी जिन्यात त्यांची हाक ऐकू आली. वर मान करून, कठडा धरून, त्या ओरडत होत्या, "सर! दहा!" खोलीतून जिन्यापर्यंत त्या एकट्या आल्या होत्या. मला भरून आलं. बायकोसमोर कसंनुसं झालं म्हणून मी दाढीचा साबण तोंडाला लावून घेतला.

पण कल्हई एकदा करून भागत नाही. रोज ओगराळं बुडायचं, घासलं जायचं, दोन-तीन महिन्यांत कुठे ना कुठे आतून लाल दिसायला लागायचं. की पुन्हा रजा, पुन्हा भट्टी, पुन्हा धूर. एकेका कल्हईनंतर आठवडाभर खोकायचे. नवसागर सोसत नव्हता त्यांना. मी म्हणायचो, "आळीत देऊन करून आणा की." तर म्हणायचे, "बाहेरचा माणूस थर पातळ देतो, सर. राहू द्या." आणि गंमत म्हणजे, बहुतेक वेळा आठवण विठाबाईच करायच्या. "अहो, हंडा आतून कसातरीच दिसतोय. पांढरा असला की बरा दिसतो." मग हे निमूटपणे उठायचे. अशी चार वर्षं गेली. बटणं चाळीसच्या वर गेली, मग पन्नासच्या.

सत्त्याऐंशीच्या श्रावणात एकदा रंगनाथराव ड्यूटीवर असताना मी पंपाचं रबर बदलायला खाली गेलो होतो. काम झाल्यावर विठाबाईंनी हंड्यातलं पाणी दिलं. मी पेला तोंडाला लावला आणि त्या म्हणाल्या,

"सर, ती तांब्यानंच मरत होती ना?"

मला ठसका लागला. पाणी नाकातून आलं. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तांबटाच्या पोरीला सांगायला लागतं का कोणी? पाण्याच्या हंड्याला उभ्या नाशकात कोणी कल्हई करत नाही. माझ्या बापानं जन्मात केली नाही. खिडकीतून धूर बघितला तेव्हाच कळलं, पाण्यात तांबं नको झालंय. आणि त्या पाण्यानं दुसरं काय होत होतं इथे? माझ्या गोळ्या तर वर्षभर तशाच चालल्या होत्या."

रंगनाथरावांनी हे ओळखायला हवं होतं आणि मीही. दोन शहाणे मिळून एका तांबटाच्या मुलीला कल्हईची थाप मारत होतो.

"एक्कावन्न मारली मी," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून रडले. दुसऱ्या दिवशी उठायचं नाही असंच ठरवलं होतं. पण सकाळी हे चहा घेऊन आले, तर बोटांना फडकं गुंडाळलेलं. मी उठले नसते, तर यांना कळलं असतं की मला कळलं. मग कशासाठी भाजून घेतलं त्यांनी?"

"मग तुम्ही..."

"मग मी उठले. रोज उठतेय." त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला. "त्यांना सांगू नका, सर. त्यांना वाटतं, मला माहीत नाही. तेवढं एकच समाधान आहे त्यांना."

मी वर आलो. एकाचं गुपित दुसऱ्यापासून आणि दुसऱ्याचं पहिल्यापासून, असं दोन्ही घेऊन जिना चढताना फार थकायला होतं.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत विठाबाईंना दुसरा झटका आला. तीन दिवस दवाखान्यात होत्या, चौथ्या दिवशी गेल्या. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा मी खाली गेलो. रंगनाथराव ओगराळं घेऊन हंडा ते टाकी, टाकी ते हंडा खेपा घालत होते. एक सोडून चार भांडी घरात होती, पण ते एकेक ओगराळंच नेत होते.

"त्र्याहत्तर आहेत," म्हणाले. "तिनं शेवटी मोजली तेव्हा एकाहत्तर होती."

मी खाटेच्या कडेला बसलो. ते टाकीपुढे बसले.

"एक बरं झालं, सर," ते म्हणाले. "तिला शेवटपर्यंत कळलं नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. सांगावं, असं ओठांपर्यंत आलं होतं. सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं की ती बाई साडेचार वर्षं कुणासाठी उठत होती. पण मग त्यांची साडेचार वर्षं कुठे ठेवायची?

"नाही कळलं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग उठून हंड्यात डोकावले, बोटानं आतला काठ चाचपला.

"इथं लाल दिसायला लागलंय. रविवारी कल्हई करून घेऊ."

आता तिथे प्लॅस्टिकची बादली ठेवली असती तरी विचारणारं कोणी नव्हतं. ते मी बोललो नाही.

"रविवारी मी रिकामाच आहे," मी म्हणालो. "कोळसा मी आणतो."